डावीकडची बटणं

"त्या पुलावरून नको गं जाऊस, खाली पडशील."

हे वाक्य आत्या बोलली. माझी आत्या! दातांत दोऱ्याचं टोक, मांडीवर कोणाचा तरी कसरीनं खाल्लेला कोट, आणि डोळे थेट माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर.

तोवर माझा घोडा अर्ध्यावर गेलाही होता. तो टापटाप करत पलीकडे पोचला. मी काही पडले नाही. तशी आत्या पुटपुटली, "अरेच्चा. बुजवलंय की."

मी मान वळवून तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या घरात आत्या म्हणजे रफू. फाटलेलं, जळलेलं, कसर लागलेलं काहीही असो, "आत्याकडे टाक" म्हणायचं आणि विसरायचं. कार्यक्रमात सगळे फोटोसाठी पुढे धावतात तेव्हा ही मागे सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभी असते. आणि हीच आत्या मला 'सात खिंडी'तल्या पुलाबद्दल बजावत होती!

'सात खिंडी' हा गेम माझ्या जन्माच्या आधीचा. त्यात ठरलेला रस्ता नसतो. आपलं माणूस आपण घडवायचं, घोडा घ्यायचा आणि मनाला येईल तिकडे सुटायचं. डोंगर, गावं, मिठागरं, सगळं मोकळं. त्याच जुन्या गेमला नवं रूप देऊन कंपनीनं तो त्या दिवशी पुन्हा बाजारात आणला होता. शाळेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. घरी आईसमोर खेळायची सोय नाही, म्हणून मी दप्तरासकट आत्याच्या दुकानात येऊन ठाण मांडलं होतं.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"काय?"

"पुलाचं!"

"सगळ्यांनाच माहीत होतं. जुन्यात तिथं भोक होतं. घोडा मध्यावर गेला की फळ्यांतून आरपार. मग नुसतं पडतच राहायचं. खाली काही केलेलंच नव्हतं ना त्यांनी."

"पण तू कधी…"

तिनं मानेनंच मागचा पडदा दाखवला. पडद्याआड, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, एक जाडजूड जुना कॉम्प्युटर होता. दुकानाच्या आधी त्या जागेत सायबर कॅफे होता आणि मालक जाताना एक यंत्र मागेच ठेवून गेला, एवढं मला ठाऊक होतं. त्यावर आत्या पावत्या करते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला विचारलं होतं कोणी? कोणीच नाही.

तर त्या यंत्रात हा गेम होता. गिऱ्हाईक नसलं की आत्या खेळायला लागली. पुलातून पडली. पुन्हा पडली. "मग रागच आला मला," ती म्हणाली. "म्हटलं, इतकं सुंदर कापड विणलंत, आणि भोक तसंच ठेवून विकलंत? मग उसवून बघितलं."

"काय उसवलंस?"

"गेम."

'पदर खोचला' म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली, 'गेम'! मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते.

इंटरनेटवर एक पान होतं. जुना 'सात खिंडी' खेळणारे तिथे जमायचे, कुठे काय मोडकं आहे ते एकमेकांना सांगायचे, आणि ज्याला जमेल तो दुरुस्ती करून सगळ्यांसाठी ठेवायचा. आत्या तिथे विचारत गेली, बिघडवत गेली, पुन्हा विचारत गेली. बाकीचे त्या दुरुस्तीला पॅच म्हणायचे. आत्याला तो शब्द पटेना. "पॅच म्हणजे ठिगळ. ठिगळ दिसतं. रफूला बाहेरचा दोरा चालत नाही, त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढायचा. तिथे एक गोठा आहे, कोणी फिरकत नाही त्यात. त्याच्याच चार फळ्या काढल्या आणि पुलाला लावल्या."

"आणि नाव काय घेतलंस तिथे?"

"रफू," म्हणाली, आणि चक्क लाजली. "सगळे दादा म्हणतात मला. रफूदादा."

"दादा?"

"कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

मी इतकी हसले की बाहेरून चाललेल्या माणसानं आत डोकावून बघितलं. मग म्हटलं, चल, आणखी काय काय बुजवलंस ते दाखव. आम्ही दोघी शहराच्या वेशीकडे निघालो. मी घोडा हाकत होते आणि आत्या "डावीकडे घे, तिथे लांडगे असतात" असं सांगत होती. घरच्या रस्त्यानं जावं तशी!

वेशीवर पहारेकरी उभा होता. आत्या पुढे वाकली. तिच्या दातांतला दोरा खाली पडला.

"जवळ जा त्याच्या. आणखी जवळ. बटणं बघ."

"काय आहे बटणांना?"

"डावीकडे आहेत."

मला काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. जुन्या गेममध्ये या पहारेकऱ्याचा कोटच दिसायचा नाही. वर डोकं, खाली बूट, मध्ये हवा. आत्यानं त्याला कोट करून दिला. पण दिवसभर बायकांची जाकिटं शिवणारा हात, तो आपल्या सवयीनं गेला. पुरुषाच्या कोटाला बटणं उजवीकडे असतात, हिनं बायकी पद्धतीनं डावीकडे लावली. पानावर नुसता हशा. पहारेकरी अंधारात बायकोचा कोट घालून ड्यूटीवर आलाय म्हणे! पुढे हिनं चूक सुधारायची म्हटलं, तर कोणी सुधारू देईना.

आणि आता तोच कोट नव्या गेममध्ये होता. लोकरीचा तंतू न् तंतू दिसत होता, पितळी बटणं लखलखत होती. आणि सगळीच्या सगळी डावीकडे.

"म्हणजे… त्यांनी तुझं उचललं?"

"दुसरा कोणी असा चुकणार नाही," आत्या हळूच म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गेम बनवणाऱ्यांची यादी उघडली. नावं वर सरकत राहिली, सरकतच राहिली. चहा देणाऱ्याचे आभार होते, काम चालू असताना जन्मलेल्या बाळांची नावं होती, कोणाचं तरी मांजरसुद्धा होतं. रफू नव्हता. "आत्या, तू गप्प कशी बसतेस गं? मांजर आहे यात!"

"दिसलं नाही म्हणजे रफू चांगलं झालं," असं म्हणून ती उठली आणि पडद्यामागे गेली. चेष्टा करत होती. आवाज मात्र कोरडा होता.

बराच वेळ तिकडून काही ऐकू येईना, म्हणून मी गेले. तिच्या कॉम्प्युटरवर त्या खेळाडूंच्या पानाच्या जागी सगळं पांढरंधोप होतं आणि मध्ये एकच ओळ: 'हक्कधारकांच्या विनंतीवरून हे पान काढून टाकण्यात आले आहे.' आत्या ते पुन्हा उघडत होती. तीच ओळ. पुन्हा उघडत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा दगडासारखा.

"डावखुरा," ती म्हणाली.

"कोण?"

पानावरचा एक जण. त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं. या गेममधलं प्रत्येक मोठं दार असं, की एक कळ दाबून कडी वर धरायची आणि त्याच वेळी दुसरी कळ दाबून दार ओढायचं. दोन हात हवेत. त्यानं लिहिलं होतं, 'सगळं जग मोकळं आहे म्हणता, मला तर वेशीच्या आतसुद्धा येता येत नाही.' आत्यानं त्याच्यासाठी कडीचं रफू केलं. एकदा कळ दाबली की कडी आपोआप वर राहते, मग त्याच हातानं दार ओढायचं. तेव्हापासून रोज ती विचारायची, 'आज कुठवर पोचलात?' आणि रोज तो सांगायचा. फोन नंबर नाही, पत्ता नाही, नावही नाही. जे काही होतं ते त्या पानावर.

मी धावत लॅपटॉपकडे गेले. वेशीचं दार एका हातानं उघडून बघितलं. कडी खाली पडली. पुन्हा बघितलं. पुन्हा पडली. पूल घेतला होता, कोट घेतला होता. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि ज्यांच्याकडे जुना गेम होता, त्यांच्याकडे नवा आपोआप येऊन त्याच्यावर बसत होता.

"म्हणजे आज सकाळपासून तो वेशीबाहेर उभा असेल," आत्या म्हणाली.

मग मात्र मी तिला विचारत बसले नाही. गेम विकत घेणारे जिथे बरंवाईट लिहितात, तिथे मी बटणांचा फोटो टाकला, सगळी हकिकत लिहिली, आणि खाली ठळक अक्षरांत: 'डावखुरा जिथे असतील तिथून त्यांनी या नंबरवर फोन करावा. वेस उघडून मिळेल.'

"दुकानाचा नंबर दिलास?" आत्या किंचाळली.

"मग माझा देऊ? आई सोलून काढेल!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोचते तर फोन थांबायचं नाव घेत नव्हता. सगळे त्या पानावरचे. ट्रकवाले, बँकवाले, एक तर दाताचा डॉक्टर, पेशंटला खुर्चीत आ करून बसवून बोलत होता. आत्याचा आवाज ऐकला की प्रत्येक जण म्हणायचा, "वहिनी, जरा दादांना देता का?" आणि आत्या शांतपणे, "दादा कामात आहेत. निरोप सांगा." मध्येच एखादा चेन बसवायचं विचारणारा. तिला तो भेटला की हायसं वाटायचं. डावखुऱ्याचा फोन मात्र येईना. प्रत्येक रिंगला तिची सुई थांबायची.

आठवड्याच्या शेवटी कंपनीनं उत्तर दिलं. मला नाही, गेममधूनच. 'किरकोळ दुरुस्त्या' अशा नावाखाली काहीतरी आलं. मी वेशीवर गेले आणि कोणी तोंडात मारावी तशी थबकले. पहारेकऱ्याची बटणं उजवीकडे गेली होती. कडी मात्र तशीच खाली पडत होती.

आत्यानं पुढे वाकून बघितलं. "बरोबर केलं त्यांनी," ती म्हणाली. "चुकलंच होतं ते." आणि हातातल्या पॅंटची चेन ती उलटी लावत बसली. मला दिसत होतं. मी सांगितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला. पलीकडे बाई होत्या, वयस्क.

"रफूदादांचं दुकान ना हे?"

"हो. कोण बोलतंय?" आत्यानं विचारलं.

"डावखुऱ्यांच्या घरून."

आत्या उभीच राहिली. पॅंट पायाशी पडली. "द्या ना त्यांना! द्या, द्या."

"आधी दादांना बोलवता का?"

"मीच ती. म्हणजे… रफू. मीच."

मग, "तुम्ही बाई आहात?"

"हो."

"अगंबाई!" त्या हसल्या. हसू मध्येच कुठेतरी अडलं. "हे गेले हो. मागच्याच्या मागच्या थंडीत."

"काहीतरीच काय!" आत्या जवळजवळ चिडलीच. "परवापरवापर्यंत बोलत होतो आम्ही! मिठागरापर्यंत पोचले होते ते!"

"मी पोचले होते," बाई म्हणाल्या.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे. मला आठवतंय, माझं तोंड उघडंच होतं आणि ते मिटायचं असतं हे मी विसरले होते.

"हे गेल्यावरही तुमचा प्रश्न आला," त्या सांगत होत्या. "'आज कुठवर पोचलात?' घरात एवढी माणसं भरलेली, पण मला असं कोणी विचारत नव्हतं. मग सगळे गेल्यावर यांच्या खुर्चीत बसले आणि थोडं पुढे गेले. तुम्हाला सांगायला काहीतरी हवं ना. त्या दिवशी सकाळी उघडलं, तर सगळं नवं कोरं, आणि वेस उघडेना. तुमचा नंबर आज दिसला."

मला राहवलं नाही. "पण काकू, तुम्हाला तर दोन्ही हात…"

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीला टेकले.

"आहेत की बाळा, धड आहेत," बाई म्हणाल्या. "पण मी यांच्या शेजारी बसून बघत बघत शिकले. यांचा उजवा हात माझ्या मांडीवर, माझ्या हातात असायचा. मला एकाच हातानं येतं."

आत्यानं पायाशी पडलेली पॅंट उचलून घडी घातली. मग गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "परवा संध्याकाळी तयार ठेवते."

"सावकाश करा ताई. मी बसलेय वेशीपाशी."

परवापर्यंत आत्यानं माझा लॅपटॉप मला हातात धरू दिला नाही. उसवत होती, बिघडवत होती, पुन्हा उसवत होती. नवं कापड निराळं होतं, म्हणाली, वीण घट्ट आहे. संध्याकाळी मी शाळेतून आले, तेव्हा ती मागे बसली होती. उजवा हात तिनं मांडीखाली घट्ट दाबून ठेवला होता. डाव्या हातानं तिनं कळ दाबली. कडी वर गेली. वर राहिली. दार उघडलं.

ती आत गेली नाही. तिनं दार लोटून घेतलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा लोटलं.

"आहे का कोणी?" पुढून कोणीतरी टेबलावर नाणं वाजवलं.

"आले," आत्या म्हणाली, आणि उजवा हात तसाच मांडीखाली ठेवून तिनं दार आणखी एकदा उघडून बघितलं.