उपवासाची पेटी

"सेक्रेटरीसाहेब, पेटीची किल्ली द्या. नाहीतर कुलूप फोडते."

वेदीसमोरच्या टेबलाशी बसलेल्या सेक्रेटरींचा बिनसाखरेचा चहा ओठाशीच थांबला. उपवासकाळात ते साखर सोडत. तीस वर्षं चर्च झाडणाऱ्या किल्लीकाकूचा असा चढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. चर्चच्या साऱ्या किल्ल्या तिच्या कमरेला. वेदीजवळच्या पेटीची तेवढी सेक्रेटरींच्या खिशात. चाळीस दिवस एक वेळ जेवायचं नाही आणि वाचलेलं धान्य त्या पेटीत टाकायचं, ही मंडळीची रीत. ईस्टरला पेटी उघडायची, फोटो काढायचा आणि मग गरिबांना वाटायचं.

"काकू, नऊच दिवस राहिलेत. धीर धरा की."

"मी धरीन. रंगारीदादांच्या पोटानं किती धरायचा? दोन दिवस त्यांच्याकडे भांडं घासल्याचा आवाज नाही. आमच्या खोल्यांमधे एक भिंत आहे नुसती."

"मग त्यांनी अर्ज करावा. यादीत नाव घालू."

"अर्ज? अन् वेदीमागचं ते अरण्य कुणी रंगवलं? तेव्हा कुणी अर्ज मागितला होता?"

वेदीमागच्या पडद्यावर दगड होते, काटे होते, गाल बसलेला ख्रिस्त होता. दर रविवारी लोक त्याच्याकडे बघून डोळे पुसत. तो रंगवणाऱ्याचे हात आता थरथरत होते आणि काम सुटलं होतं.

टेबलापलीकडे बसलेले तरुण पाळक हळूच म्हणाले, "प्रभूसुद्धा चाळीस दिवस उपाशी..."

"स्वतः राहिले, पाळकसाहेब. शेजाऱ्याला नाही ठेवलं."

तिनं घंटेच्या खोलीतून पहार आणली. दुसऱ्या घावाला कुलूप उडालं. झाकण उघडलं तर तांदळाला जाळ्या धरलेल्या आणि त्यात किडे वळवळत होते.

"घ्या! तुमच्या आधी यांनीच उपास सोडला."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून येऊ नका. किल्ल्या ठेवा इथं."

तिनं जुडगा टेबलावर आपटला, चहा सांडला. मग वरचा बरा तांदूळ पदरात भरून ती आपल्या खोलीला वळसा घालून शेजारी गेली.

रंगारीदादा दारात उभे होते, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावून. पदराकडे न बघता म्हणाले, "आमची जेवणं झाली, ताई."

आतून त्यांची बायको खोकली. काकूच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, सेक्रेटरींना, पाळकांना, स्वतःलाही. तीस वर्षांच्या नाही, पण उपवासाच्या या एकतीस दिवसांच्या तरी. इतके दिवस ती पेटीवरची धूळ पुसत होती आणि ती उघडायचं तिला सुचलं नव्हतं. तिनं शिव्या गिळल्या.

"झाली असू देत. मला निवडू लागा. किडे दिसत नाहीत मला आताशा."

दादांनी सूप आणलं. दोघं उंबऱ्यावर बसली. थरथरत्या बोटांनी ते एकेक किडा टिपत होते, जसे कधी पडद्यावर एकेक काटे रंगवले होते. थोड्या वेळानं आत पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

दिवेलागणीला काकू आपल्या खोलीत बसली होती. सवयीनं कमरेला हात गेला. तिथं काहीच नव्हतं. राग अजून तसाच धुमसत होता.

भिंतीपलीकडे कुणीतरी राखेनं भांडं घासत होतं.