न संपणारी बिडी

मी बोलतोय, पण आवाज जरा खालीच ठेवतो. मला विकायला आपल्या देशात बंदी आहे, आणि बंदीच्या मालाने मोठ्याने गप्पा मारत बसू नये, एवढी समज मला आहे.

मी वाफेचा पेन. शिकलेली माणसं ई-सिगारेट म्हणतात. थळच्या कोळीवाड्यात मला बॅटरीची बिडी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला तेच नाव आवडतं. बोलायला मी सदू तांडेलाच्या खिशात शिकलो, म्हणून माझं बोलणं सावकाश आहे. तो एक वाक्य बोलायचा, मग खोकायचा, मग दुसरं. मलाही तशीच सवय लागली. तुम्ही घाईत असाल तर नंतर या. मी इथंच आहे.

माझा जन्म लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. आईबाप आठवत नाहीत. एका पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडं सरकत आलो. कुणी पोटात बॅटरी बसवली, कुणी तोंड पुसलं, कुणी खोक्यात निजवलं. मग मोबाईलच्या कव्हरांच्या पेटीत, कव्हरांच्या खाली लपून, मी मुंबईला आलो. चोरी केली नाही, मारामारी केली नाही, तरी लपून आलो. याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही.

आता माझी गरज कुणाला का पडली, ते सांगतो.

सदू थळचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. तीस वर्षं सुकाणू त्याच्याच हातात, आणि अडतीस वर्षं बिडी त्याच्याच तोंडात. गेल्या दिवाळीनंतर खोकला इतका वाढला की घराच्या ओट्यापासून किनाऱ्यापर्यंत जाताना तो चार वेळा थांबायला लागला. अलिबागच्या डॉक्टरांनी त्याला एका नळीतून श्वास ओढायला लावला. नळीच्या डब्यात तीन गोळे होते, ते ओढीने वर जायला पाहिजेत. एक नुसता थरथरला. बाकीचे दोन झोपूनच राहिले.

"बिडी सोडा, नाहीतर होडी सोडा," डॉक्टर म्हणाले.

सदूची बायको गोदूबाई शेजारीच बसली होती. घरी आल्यावर तिने इंजिनाची चावी खुंटीवरून काढली आणि कमरेला खोचली.

"शिमग्यापर्यंत बघते," ती म्हणाली. "खेपेला निघताना चावी माझ्याकडून न्यायची, आल्यावर परत द्यायची. खोकला कमी झाला तर तांडेल तुमी. न्हाय तर कमलेश."

कमलेश सदूचा पुतण्या. त्याच होडीवर खलाशी, चांगला पोरगा. पण सुकाणू सोडून दुसऱ्याच्या हुकमात बसायचं, हे नुसतं ऐकूनच सदूला दम लागला. त्याने बिड्यांचं बंडल चुलीत टाकलं. संध्याकाळी दुसरं आणलं. तेही टाकलं. असं आठवडाभर चाललं आणि चूल तेवढी तंबाखू ओढत राहिली.

त्याचा मुलगा विनेश मुंबईत कुरिअरच्या हापिसात कामाला आहे. हापिसातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की, बिडी सोडायची तर वाफेवर जावं. म्हणून तो आमच्या दुकानात आला. दुकान चार्जरचं. वर वायरी टांगलेल्या, काचेत कव्हरं, आणि काचेच्याही खाली, मालकाच्या पायाशी, आम्ही.

"नवीन माणसासाठी पायजे," विनेश हळूच म्हणाला. "पहिल्यांदाच वापरणार हाय."

"कॉलेजवाला?"

"माझे बाबा."

दुकानदाराने मान वर केली. "लोक बापापासून लपवून नेतात, भाई. बापासाठी न्यायला आलेला तू पहिलाच."

त्याने आम्हा तिघांना काउंटरवर मांडलं. पहिला सडपातळ, ओढला की रंगीत दिवे लागणारा. "याचं चार्जिंग किती टिकतं?" विनेशने विचारलं. दिवसभर, दुकानदार म्हणाला. दुसरा डब्याएवढा, बटणं असलेला, छोटा पडदा असलेला. "याचा धूर एवढा निघतो, समोरचा माणूस दिसत न्हाय," दुकानदार कौतुकाने म्हणाला.

"होडीवर समोरचं दिसावं लागतं," विनेश म्हणाला.

मग माझी पाळी. मी जाड, काळा, साधा. "बटण न्हाय, काय न्हाय. ओढलं की चालू. नवशिक्यासाठी हाच. आणि बॅटरी तीन दिवस बघायला नको."

विनेशला तेच पाहिजे होतं. होडी तीन-तीन दिवस बाहेर राहते, आणि तिथली वीज जीपीएस आणि वायरलेसलाच जेमतेम पुरते. त्याने मला तळहातावर तोललं. अडतीस वर्षं धूर काढलेला माणूस माझ्यामुळे नवशिका ठरला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

"वॉरंटी?"

"बिलच न्हाय, भाई. वॉरंटी कुठून देऊ?"

"तंबाखूचं ते असतं, ते यात हाय का?"

"निकोटीन? हाय. पण साफ हाय."

साफ म्हणजे काय, ते विनेशने विचारलं नाही आणि दुकानदाराने सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतो. वास कुठला पाहिजे, यावर मात्र दोघं बराच वेळ बोलले. शेवटी आंबा ठरला.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये विनेश मागच्या कोपऱ्यात बसला. चालतोय का ते बघायला त्याने मला एकदा ओढलं. मग नीट चालतोय का ते बघायला पुन्हा. तिसऱ्यांदा काय बघितलं, ते मला कळलं नाही.

घरी सदूने मला उलटसुलट करून पाहिलं. "पेटवायचं कुठं?"

"पेटवायचं न्हाय, बाबा. तू नुसता ओढ."

सदूने ओढलं. आंब्याचा ढग निघाला. गोदूबाई आतून आली, वास घेतला, म्हणाली, "अडतीस वर्षांनी नवऱ्याला बरा वास आला."

"आणि हे संपतं कधी?" सदूने विचारलं.

"संपतच न्हाय. तीन दिवस चालतं. म्हणून तर आणलं."

सदूने मान हलवली. त्या मान हलवण्यात काहीतरी अडलेलं होतं, पण पोराने एवढ्या लांबून आणलंय म्हणून तो गप्प राहिला.

आता होडीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथं झाला. सदूची होडी डोलीची. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरते. ओढ थांबते, पाणी थोडा वेळ उभं राहतं, तेवढ्यात जाळं वर घ्यायचं. पाणी उलटं फिरलं की तेच जाळं माणसांना ऐकत नाही.

पाणी कधी उभं राहिलं, हे सदूला बिडी सांगायची. ओढ मंदावली असं वाटलं की तो बिडी पेटवी. संपली की थोटूक पाण्यात टाकी. थोटूक वाहत गेलं तर दुसरी बिडी. थोटूक जागेवरच डुलत राहिलं की म्हणे, "घ्या." त्याचा बाप असंच करायचा. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. ते काम होतं.

आणि माझं तर थोटूकच नाही.

पहिल्या दोन खेपा ठीक गेल्या. "काका, पाणी बघ," असं कमलेश आठवण करून द्यायचा. बिडी बंद झाली म्हणून होडीवर सगळे खूश होते. घरी गोदूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आमच्यांनी बिडी सोडली. महिना झाला, एक न्हाय." मीही खिशात फुगून बसायचो. सदू उठला की मला ओढी. जेवला की ओढी. जेवता जेवता ओढी. काडी लागत नाही, राख पडत नाही, वाऱ्याने विझत नाही. पूर्वी बिडीसाठी कामातून उठावं लागे. माझ्यासाठी त्याला कधी उठावंच लागलं नाही.

तिसऱ्या खेपेला कमलेश खाली इंजिनाच्या कामात होता. ओढ मंदावली. सदूने सवयीने मला तोंडात धरलं आणि समुद्राकडे बघत ओढत बसला. मी संपायची तो वाट बघत होता. खरंच बघत होता. ओठांनाच ती सवय. चटका बसला की उठायचं. चटका बसेना. मी आंब्याचा वास देत राहिलो, पाणी उभं राहिलं, बराच वेळ उभं राहिलं, आणि फिरलं.

निकेश नावाचा खलाशी ओरडला, तेव्हा उशीर झाला होता. चौघांनी मिळून ओढलं. जाळ्याची शेपटी, जिला खोला म्हणतात, जिथं सगळी मासळी जमते, ती उभी फाटली. जवळा, बोंबील, सगळं आलं तसं परत गेलं. पाण्यावर नुसती चमक दिसली आणि मिटली.

निकेश हात पुसत म्हणाला, "काका, आंबा खात बसलास, तिकडं पाणी निघून गेलं."

सदूने माझ्याकडे पाहिलं. मला खिशात ठेवलं. पुन्हा काढलं आणि ओढलं. लाज वाटली की माणूस तेच करतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

घरी आल्यावर त्याने गोदूबाईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "मला एक सांग," तो म्हणाला, "हे किती झालं म्हणायचं? बिडीला थोटूक असतं. याचं मोजायचं कसं?"

गोदूबाई बाजारात बसणारी बाई. मोजणं तिला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुक्या बोंबलांची टोपली घेऊन ओट्यावर बसली आणि सदूला समोर बसवलं. "जसं रोज ओढता, तसं ओढा. एका बिडीला दहा-बारा झुरके असतात. तुमचे बारा झाले की मी एक बोंबील बाजूला काढते."

सदूने जाळं दुरुस्तीला घेतलं आणि ओढत राहिला. ती मान खाली घालून बोंबील काढत राहिली. मध्येच शेजारीण विचारून गेली, काय निवडते गो. "नवरा," गोदूबाई म्हणाली.

दुपारी जेवायच्या वेळेला ढिगात एकतीस बोंबील होते.

सदू आधी दिवसभरात वीस बिड्या ओढायचा.

दोघं त्या ढिगाकडे बघत राहिली. मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं, पण मी सदूच्या ओठातच होतो. त्याने मला काढून ओट्यावर ठेवलं. दोघांच्या मध्ये बोंबील, आणि बोंबलांच्या शेजारी मी. माझा हिरवा दिवा लागलेला. बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. याच गुणासाठी मला निवडलं होतं.

शिमगा चार दिवसांवर आला होता. गोदूबाईने कमरेची चावी चाचपली, पण बोलायचं तिच्या जिवावर आलं. सदूच बोलला.

"कमलेशला दे."

"खोकला कमी झाला न्हाय म्हणून?"

"न्हाय. पाणी उभं राहिलं, ते मला कळलं न्हाय म्हणून."

"आणि तुमी?"

"मी जातो की. जाळं ओढायला माणूस लागतोच."

कमलेश चावी घ्यायला तयार नव्हता. "काका, असं करू नको," म्हणून उंबऱ्यातच उभा राहिला. सदूने त्याच्या शर्टाच्या खिशात चावी टाकली आणि सुईदोरा शोधायला निघून गेला.

शिमग्यानंतरच्या पहिल्या खेपेला मी खिशात होतो, पण कामावर नव्हतो. सदूचा हात दर थोड्या वेळाने यायचा, मला चाचपायचा आणि रिकामा परत जायचा. तीन दिवसांत तो हात किती वेळा आला, ते मी सांगत नाही. घामाने ओला असायचा, एवढं सांगतो. मदत करणं माझ्या हातात नव्हतं. मी फक्त उलटं करू शकत होतो.

ओढ मंदावली, तेव्हा कमलेश सुकाणूवर मोबाईल बघत होता. त्यात भरतीची वेळ असते. त्याने मोबाईल पाहिला, पाणी पाहिलं, मग मागे वळून काकाकडे पाहिलं. सदू कडेला आला. तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा मोडून त्याने पाण्यात टाकला. तुकडा हळूहळू पुढे सरकला. त्याने दुसरा टाकला. तो जागेवरच गोल फिरला आणि मग राहिला.

"तांडेल," सदू कमलेशला म्हणाला, "सांग त्यांना."

"घ्या," कमलेश म्हणाला. सदूने सगळ्यांबरोबर दोर धरला. दोनदा खोकला, पण सोडला नाही.

ती खेप बरी झाली. घरी आल्यावर त्याने मला पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा माळ्यावर. समुद्रात टाकायचं त्याच्या मनात आलं होतं, पण पोटात बॅटरी आहे, मासळी खाईल, म्हणून नाही टाकलं. परत द्यायला बिल नाही. विकायला बंदी. द्यावं तर कुणाला द्यावं.

मागच्या शनिवारी विनेश आला. बाप ओट्यावर त्याच फाटलेल्या खोल्याला गाठी मारत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विनेश म्हणाला, "बाबा, ते पेन कुठं हाय? फुकट पडलंय तर दे इकडं."

"तुला कशाला?"

"असंच. हापिसात एक जण मागतोय."

सदूने गाठ पुरी केली, दोरा दातांनी तोडला. "त्या माणसाला खोकला हाय का?"

विनेशचा हात स्वतःच्या पँटच्या खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. त्या खिशाला मी ओळखतो. रेवसच्या लाँचमध्ये मी त्याच खिशात होतो. आता तिथं माझं कुणीतरी भावंड असावं, रंगीत दिव्यांचं. त्याचं चार्जिंग टिकत नसेल, म्हणून हा माझी आठवण काढत असेल.

सदूने जाळ्याचं दुसरं टोक पोरापुढे केलं. "धर. एकट्याने ताण येत न्हाय." विनेशला दोन्ही हातांनी धरावं लागलं.

काळोख पडेपर्यंत दोघं बसले होते. मी माळ्यावर, डब्याच्या फटीतून बघत-ऐकत होतो. सदू तासातासाला एखादं वाक्य बोलत होता आणि आता तो प्रत्येक वाक्यानंतर खोकत नव्हता.

माझं मागणं थोडं आहे. कुणाच्या प्रेमापोटी मला निवडायला निघाला असाल, तर मी किती टिकतो ते विचारू नका. तो टिकतो का, ते बघा. आणि या घरात कुणी डबा शोधत आलं, तर मी कुठल्या माळ्यावर आहे, ते त्याला सांगू नका. मीही गप्प बसतो.