धुतलेले दगड

टबातल्या साबणाच्या पाण्यावर चिठ्ठ्या तरंगत होत्या. ओबुलेसूने एक उचलली, तिचा बोटांतच लगदा झाला. दुसरीवरची शाई पार धुऊन गेली होती. टबापलीकडे, कॉलेजच्या दगडांच्या संग्रहालयात, दोनशे त्रेचाळीस दगडांचा एकच ढीग न्हाऊनमाखून पडला होता.

"कुणी सांगितलं हे करायला?"

"सुगुणा मॅडमनी," मारेम्मा म्हणाली. कंत्राटावर सफाईला लागून तिला दोनच महिने झाले होते. "उद्या तपासणी आहे, सगळं लख्ख पाहिजे म्हणाल्या. केलं लख्ख. दगडाला एवढा मळ असतो होय, अण्णा? तीन पाणी काढलं मी."

"मळ नव्हता तो. नावं होती त्यांची."

"मग नावं कागदावर लिहून चिकटवायची कशाला? रंगानं लिहायची सरळ."

ओबुलेसूने कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षं तो हेच सांगत आला होता. पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि एक बारीक ब्रश, एवढ्यासाठी चार अर्ज केले होते, आणि चारही अर्जांवर 'पाहू' असा शेरा मिळाला होता. जी गोष्ट साहेब लोकांच्या डोक्यात शिरली नाही, ती या बाईला दोन महिन्यांत कळली होती, पण दगड धुऊन झाल्यावर.

एकतीस वर्षं तो इथे शिपाई होता. भूगर्भशास्त्राचे चक्रपाणी सर पोरांना घेऊन रायलसीमेचे डोंगर हिंडायचे तेव्हा हातोडा सरांच्या हातात आणि पोतं ओबुलेसूच्या पाठीवर असायचं. वर्गात सर शिकवायचे तेव्हा हा दाराशी उभा राहून ऐकायचा. पोरं तीन वर्षांनी पास होऊन जायची, हा आपला त्याच वर्गात. सर म्हणायचे, "ओबुलेसू, दगडाचं नाव चुकलं तर पुढचा माणूस सुधारेल. पण त्याचं गाव हरवलं की तो दगड खडीच्या ढिगात गेला समज." सर वारले त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती.

विभागप्रमुख सुगुणा मॅडम आल्या त्या छापील लेबलांचा गठ्ठा घेऊनच. ढीग पाहून त्यांनी गठ्ठा ओबुलेसूपुढे धरला.

"बरं झालं, नवी लेबलं काढलीच आहेत. लावून टाक."

"कुठल्या दगडाला कुठलं, मॅडम?"

"रंग बघून लाव रे साधारण. समितीत एक इंग्रजीवाले आहेत, एक रसायनवाले आणि तिसरे नुसतेच मोठे साहेब. कोण विचारतंय?" असं म्हणत त्यांनी एक पांढरा दगड उचलला आणि त्यावर 'संगमरवर' चिकटवलंसुद्धा.

ओबुलेसूच्या मस्तकात तिडीक गेली. तो कँटीनमधून अर्धं लिंबू घेऊन आला. त्याने मॅडमचा तो दगड खिळ्याने खरवडायला घेतला, तर दगडावर ओरखडाही उठेना, उलट खिळ्याचंच टोक झिजलं. मग ढिगातून दुसरा पांढरा दगड काढून खरवडला. पांढरी भुकटी निघाली. तिच्यावर लिंबू पिळताच बारीक बुडबुडे फसफसले.

"हा संगमरवर. समुद्राच्या तळाचा चुनखडक जमिनीखाली भाजला, दाबला गेला, की हा होतो. देवळात बसतो. तुम्ही लेबल लावलंत तो दगड मुळात वाळू होता, मॅडम. ती वाळूही भाजली, दाबली गेली, म्हणून तिच्यापुढे लोखंड हरतं. दोघांचा रंग एक म्हणून जात एक होत नाही."

"मला नको शिकवूस," मॅडम म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. त्यांची चिडचिड भीतीपोटी होती. ही खोली काढून घ्यायला वरचे टपलेलेच होते. "पाच वाजेपर्यंत वेळ देते. पण एकही पेटी बिनलेबलाची दिसता कामा नये."

जुनं रजिस्टर उघडून तो ढिगापाशी बसला. काळ्या फरशीचे चुनखडक त्याने अंगावरच्या थरांवरून ओळखले. घराघरांतल्या ओट्यांना जातात ते हे. सिमेंटच्या कारखान्याला जातो तो मातकट चुनखडक त्यांच्या खालच्या थरातला. बेसाल्ट म्हणजे जमिनीवर येऊन घाईघाईने थंड झालेला रस, म्हणून त्याचे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत, रस्त्याच्या खडीला चांगला. ग्रॅनाइट म्हणजे जमिनीच्या पोटातच निवांत मुरलेला रस, त्याचे दाणे खडीसाखरेसारखे. जाती लावायला त्याला तासही लागला नाही. खरी झटापट गावांची होती. पण तिथेही पाठ मदतीला आली. हा कोपरा खांद्यात रुतला होता, तो वेम्पल्लीचा. हा फुटून दोन झाला म्हणून सरांनी शिव्या दिल्या होत्या, तो घाटातला. डबा उघडून नाचणीच्या संगटीचे घास घेत घेत त्याने पेट्या भरत आणल्या.

दोन वाजता दोन दगड उरले. दोन्ही गुलाबी ग्रॅनाइट, दोन्ही मुठीएवढे. रजिस्टरातही दोनच ओळी उरल्या होत्या, एक नागुलकोना आणि दुसरी एर्रकोंडा.

एर्रकोंडा म्हणजे ओबुलेसूच्या गावामागचा डोंगर. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सरांना मोठ्या ऐटीत घेऊन गेला होता तो तिकडे. पुढे त्या डोंगराला खाणवाले लागले, बारा वर्षांत त्याच्या लाद्या होऊन बंदरावर गेल्या. आता तिथे हिरव्या पाण्याचा खड्डा आहे. अख्ख्या डोंगरातला एवढाच तुकडा आता उरलेला, आणि तो या दोहोंपैकी कुठला, हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्याने दोन्ही उजेडात धरले, नखाने दाणे मोजले, जिभेलाही लावून पाहिले. लोकांचे दोनशे एक्केचाळीस दगड ओळखले आणि स्वतःचा डोंगर ओळखता येऊ नये? त्याला स्वतःची इतकी चीड आली की रजिस्टर भिंतीवर फेकावंसं वाटलं.

शेवटी त्याने गावात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

"अक्का, आपल्या डोंगराचा दगड कसा होता गं?"

"कसा म्हणजे? दगडासारखा!" लक्षुम्मा म्हणाली. "भर दुपारी हे विचारायला फोन केलास?"

"आठव ना जरा. काळे ठिपके जास्त होते की पांढरे?"

"ठिपके कोण बघतंय बाबा? आम्ही वर शेंगा वाळत घालायचो. तापायचा मेला असा, की पाय टेकवत नव्हते. तू तर रडायचास, मग मी तुला काखेत घेऊन शेंगा पसरायचे. तेवढं आठवतंय. आता कशाला विचारतोयस? नाही ना राहिला तो."

फोन ठेवून ओबुलेसू दोन्ही दगड घेऊन मागच्या पायरीवर गेला. एप्रिलचं ऊन होतं. दोन्ही दगड त्याने उन्हात शेजारी शेजारी ठेवले आणि तासभर तिथेच बसून राहिला. मारेम्मा बादली घेऊन जाताना म्हणाली, "वाळवताय होय? मघाशीच पुसले होते की मी." मग त्याने एका दगडावर डावा तळवा ठेवला, दुसऱ्यावर उजवा. दोन्ही सारखेच पोळले.

पाचाला मॅडम आल्या. सगळ्या पेट्या भरलेल्या पाहून त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास! आणि हे दोन?"

"कुठला कुठला, ते कळत नाही."

"अरे, मग लाव एक इकडे, एक तिकडे. तुला नाही कळत तर जगात कुणाला कळणार आहे?"

"म्हणूनच नाही लावत, मॅडम."

मॅडम वैतागून मान हलवत भरलेल्या पेट्या मोजायला वळल्या. ओबुलेसूने दोन छापील लेबलं बाजूला सारली. कोऱ्या कागदाच्या दोन चिठ्ठ्या कापल्या आणि आपल्या वळणदार तेलुगू अक्षरात दोन्हींवर तोच मजकूर लिहिला: गुलाबी ग्रॅनाइट. एर्रकोंडा किंवा नागुलकोना. दगड अजून गरमच होते. ते निवेपर्यंत तो खळीची वाटी हातात धरून बसून राहिला.