नितेशक चेडू दाखवूचा आसा

दाजीचा राग रोज न्याहारीबरोबर उठायचा आणि दुपारचं जेवण झालं की त्याच्याबरोबरच आडवा व्हायचा. त्या दिवशी मात्र दुपार टळली तरी तो जागाच होता. ओटीवरच्या जुन्यापुराण्या कॉम्प्युटरला सकाळपासून एक लिंबाएवढा कॅमेरा लागत नव्हता.

कॅमेरा पाठवला होता नितेशने, दाजीच्या एकुलत्या एका झिलाने. बापाची होडी सोडून तो परदेशी जहाजावर खलाशी झाला, म्हणून दाजी वर्षभर त्याच्याशी फोनवरही बोलला नव्हता. पण नितेशला मुलगी झाली होती आणि तिचं तोंड त्याने अजून पाहिलं नव्हतं. आज जहाज सिंगापूरला लागलं होतं. आपल्या पाच वाजेपर्यंत तो तिथल्या इंटरनेटच्या दुकानात बसून राहणार, मग जहाज सुटणार, ते शिमग्यापर्यंत कुठे कुठे फिरेल ते देव जाणे. म्हणजे पोर रांगायला लागल्यावरच बापाला दिसायची. बापलेकाचं भांडण असेल, पण त्या नातीने कोणाचं घोडं मारलं होतं?

कसालहून सुदेश आला होता, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याने कॅमेऱ्याची सीडी आत सरकवली, पट्टी निळी निळी भरत आली आणि मध्येच अडली. बंद केलं, चालू केलं. पुन्हा तिथेच अडली.

"काय म्हणता ता?" दाजी ओरडला.

"विंडोजची सीडी मागता, दाजींनू. मशीन जुना ना! कॅमेऱ्याक लागता ता सामान त्या सीडीत आसता. माझ्याकडे आसा ती नवीन विंडोजची, ती हेका चलणा नाय. मशीनबरोबर इली ती खंय आसा?"

झालं. इतका वेळ दाजी नुसताच धुमसत होता, आता त्याला तोफ डागायला माणूस मिळालं. त्याने सुनेला हाक मारली.

"वर्षाली! खंय ठेवलंस गो ती सीडी?"

"ह्याच खणात होती, दाजींनू. ह्या बघा, कव्हर आसा. आतली नाय."

"कव्हर काय चाटूचा आसा? ह्या घरात एक वस्तू जाग्यार ऱ्हवणा नाय! घोव थंय समुद्रात मरता आणि तुका एक चकती सांभाळूक जमणा नाय!"

वर्षालीने खण उपसले, कपाट उपसलं, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. तिचे डोळे भरून आले होते. पोर रडायला लागली तर दाजी तिच्यावरही खेकसला. मग सुदेशवर. "शिरा पडो तुमच्या त्या सीडीर!" म्हणत त्याने कॉम्प्युटरच्या टाळक्यात एक थापड हाणली.

"मारू नकात! आसा ता पण जायत!" सुदेशने त्याचा हात धरला.

साडेचार वाजून गेले. तेवढ्यात उजेडाचा एक पांढरा ठिपका छपरावरून धावत आला, वर्षालीच्या तोंडावरून गेला आणि पडद्यावर थरथरला. सुदेशने डोळे बारीक करून घरापुढच्या खळ्यात पाहिलं. खळ्यात बारीक कोळंबीचा गोलमा वाळत पडला होता. वर माडापासून माडापर्यंत दोरी, आणि दोरीला वाऱ्यावर गरगरणारी एक लखलखीत चकती.

"दाजींनू, गोलम्यार ता काय टांगलात?"

दाजीने पाहिलं आणि त्याच्या कानशिलांना आग लागली. चकती चमकली की कावळे येत नाहीत, म्हणून वाडीत घरोघरी सुकटीवर सीडी टांगलेली होती. दसऱ्यानंतर गोलमा घातला तेव्हा खणात एक आयतीच सापडली. कोणाला काय विचारायचं त्यात!

"माका काय ठावक? गाण्यांची वाटली!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"सकाळपासून माका फाडून खाल्ल्यात, दाजींनू," वर्षाली म्हणाली. एवढंच म्हणाली. दाजीला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्याने कोयत्याने दोरी तोडली, सीडी साबणाने धुतली आणि नातीच्या मऊ दुपट्याने पुसली. गोलम्याचा वास काही गेला नाही. सुदेशने नाक मुरडत ती आत घातली. यंत्र खरखरलं, थांबलं, पुन्हा खरखरलं. पट्टी अडली होती तिथून सरकली आणि भरली. कॅमेऱ्याचा दिवा लागला.

पाचाला थोडाच वेळ उरला होता. पडद्यावर नितेशचं तोंड आलं, तुकड्यातुकड्यांचं. वर्षालीने पोर उचलून धरली. तो नुसता बघत राहिला. मग डोळे पुसत त्याने विचारलं, "बाबा खंय आसत?"

"खळ्यात. कावळे हाकतत."

खरंच होतं. चकती उतरली तसे वाडीतले सगळे कावळे दाजीच्याच गोलम्यावर उतरले होते आणि तो काठी घेऊन त्यांच्या सात पिढ्या उद्धरत होता.

"बाबांनू!" डबड्यातून हाक आली. "वायच माका तोंड दाखवा!"

"तोंड काय दाखवू? हंय माझो गोलमो कावळे खातत!" दाजी गरजला. वर्षभरात झिलाशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. आपण बोललो, ह्याचाही त्याला राग आला. त्याने काठी फेकली आणि तरातरा ओटीवर येऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

"मेल्या, हाडां दिसतत तुझी! जेवतंस काय नाय थंय?"

बाहेर कावळ्यांनी गोलम्यावर ताव मारला. दाजीने मागे वळून पाहिलं नाही.