ब्रेक एकदाच दाबायचा

आमच्या घरात ब्रेक दोनदा दाबतात. "पहिला निरोप, दुसरा हुकूम," असं ह्यांनी मला गाडी शिकवताना सांगितलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की जगातल्या सगळ्याच गाड्या अशा थांबतात, असं मला परवापर्यंत वाटत होतं. पुढे मुलगाही त्याच गाडीवर शिकला आणि त्याचाही पाय तसाच पडायला लागला.

गाडी म्हणजे आमची हिरवी. तिचं मागचं दार जरा उचलून लावावं लागतं, बाजूची काच तळहातानं वर सरकवावी लागते, आणि गारठ्यात ती पहिल्या हाकेला ओ देत नाही. पण रस्त्यात कधी बसली नाही. ह्यांची नजर अधू झाल्यापासून तिची किल्ली माझ्याकडे आहे. हे बाजूच्या सीटवर बसतात, समोर काही आडवं आलं की रिकाम्या जागेत पाय दाबतात आणि गाडी आपणच थांबवली अशा थाटात मागे टेकतात. समाधान फुकटात मिळत असेल तर मिळू दे.

शनिवारी नात आमच्याकडे असते. तिला आम्ही भुंगा म्हणतो, कारण तिची गुणगुण थांबली तर ताप बघावा लागतो. तिला पोहायला न्यायचं काम माझं. तिच्या आईबापाच्या घरी मी पाहुणी असते, चहाचा कपही विचारून उचलते. गाडीत मात्र मी म्हणेन ती पूर्वदिशा, आणि मागच्या सीटवर ओले केस झटकत बडबडणारी ती पोरगी तेवढा वेळ माझी.

नेमकं त्यावरच मुलानं बोट ठेवलं.

"आई, हिरवीच्या तपासणीची मुदत आलीय. पास झाली तर ठेव. नापास झाली तर भंगारवाला घेऊन जाईल, आणि तूही गाडी चालवणं बस कर. भुंग्याला मी त्या डब्यात बसू देणार नाही."

"डबा कुणाला म्हणतोस? जन्मलास तेव्हा त्याच डब्यातून तुला घरी आणलं."

"तेव्हा ती नवी होती."

"तूही नवाच होतास."

सून तोंडावर हात धरून हसली. मुलगा हसला नाही. त्यानं नुकतीच एक मोठी काळी गाडी घेतली होती. होती दुसऱ्याची वापरलेली, पण अशी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडावा. तिच्या तपासणीचं तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. एजंटला एक फोन केला आणि प्रमाणपत्र घरी आलं, गाडी ऑफिसखालून हललीसुद्धा नाही!

"होऊन जाऊ दे तपासणी," मी म्हणाले. "पास झाली तर शब्द फिरवायचा नाही."

गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. तो हिरवीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काकू, जुन्या गाड्या मोठ्या दुखण्यानं कमी आणि किरकोळीनं जास्त नापास होतात. नंबरपाटीवरचा दिवा गेलेला असतो, वायपरचं रबर फाटलेलं असतं, टायरला टक्कल पडलेलं असतं." आमच्याकडे तिन्ही होतं. त्यानं सगळं बदललं, सीटचे पट्टे ओढून पाहिले, धूर पाहिला. मग मागे उभा राहून ओरडला, "ब्रेक दाबा!" मी दाबला, टप-टप. "दिवे लागतायत. ब्रेक कसा आहे?"

"उत्तम," मी म्हणाले.

तपासणी केंद्र म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. जमिनीत एक खड्डा, त्यात उतरून गाडीचं पोट बघायचं. पुढे चाकांखाली फिरणारे रोलर आणि भिंतीवर ब्रेकचा जोर दाखवणारा काटा. तपासनीस माझ्या मुलापेक्षाही लहान होता. त्यानं लांबूनच हिरवीकडे पाहिलं आणि शिक्का उचलला.

"वरून तुमच्यासाठी फोन आला होता. झालं काकू, पास. घ्या."

"अहो, गाडी खड्ड्यावर कुठं घेतलीत?"

"काही गरज नाही."

मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं. हे शेडचे पत्रे मोठ्या आवडीनं न्याहाळत होते. ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राचा जावई कुठंतरी वरच्या जागेवर आहे, ते मला तेव्हा आठवलं.

"अगं, घे की," हे कुजबुजले. "पदरात पडलं आणि पवित्र झालं."

खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे गेला होता. तेवढ्या एका शिक्क्यानं मुलाचं तोंड बंद झालं असतं. पण मग दर शनिवारी आरशात मागे बसलेली भुंगा दिसणार, आणि ही गाडी कुणी पाहिलेलीच नाही हे मला ठाऊक असणार. शिवाय रागही आला. आयुष्यभर रस्त्यावर धावलेल्या गाडीकडे नीट बघायचेसुद्धा कष्ट कुणी घेऊ नयेत? आणि मी काय भीक मागायला आले होते?

"साहेब, फोन मी केलेला नाही. माझी गाडी तपासा."

"काकू, मागे रांग आहे."

"मग लवकर तपासा."

"लोक पास करा म्हणून भांडतात. तुम्ही तपासा म्हणून भांडताय?"

"अजून भांडायला सुरुवात केलेली नाही."

रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. तपासनीसानं शिक्का आपटून ठेवला आणि किल्ली घेतली. आधी खड्ड्यात उतरून बॅटरी मारली, मग हिरवी रोलरवर चढवली. चाकं फिरायला लागली आणि त्यानं ब्रेक दाबला. एकदा. भिंतीवरचा काटा जरासा हलला आणि तिथंच रेंगाळला. त्यानं पुन्हा दाबला, तेव्हा काटा टुणकन वर गेला.

"बघा, धरला की नाही!" मी ओरडले.

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही नेहमी दोनदा दाबता?"

"सगळेच दाबतात."

आता त्याच्या आवाजात चिडचिड नव्हती. "नाही काकू. ब्रेक एकदाच दाबायचा असतो. घाईत दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळाला नाही तर?"

रडू आलं, आणि रडू आल्याचा संतापही आला. माझ्या पायानं इतकी वर्षं गाडीचं दुखणं झाकलं होतं आणि त्यालाच मी सफाई समजत होते. तपासनीसानं नापासचा शिक्का मारला.

"हात दाखवून अवलक्षण," हे पुटपुटले.

"अवलक्षण आधीपासून होतं. तुम्ही त्याला हुकूम म्हणत होतात."

हे हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा आहे."

संध्याकाळी मुलगा आला. "नापास ना? मी म्हटलंच होतं. भंगारवाल्याला बोलावतो."

"आठवीत गणितात नापास झालास, तेव्हा तुझ्यासाठी कुणाला बोलावलं होतं आम्ही?"

"आई, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. मी मोडतेय. तोंडावर सांगून मोडतेय. तिथं न बघता पास करत होते, मी घेतलं नाही. घेतलं असतं तर आत्ता तू गप्प बसला असतास आणि पोरगी त्या ब्रेकच्या भरवशावर फिरली असती. दुरुस्त होईपर्यंत मीच तिला बसवणार नाही. पण गाडी जाणार नाही, आणि मीही स्टिअरिंग सोडणार नाही."

गॅरेजवाल्यानं चाकं काढली. ब्रेकच्या मुख्य पंपातलं रबर झिजलं होतं आणि एक नळी गंजून पाझरत होती. त्यानं कपाळावर हात मारला. "काकू, मी मागे उभा राहून दिवे बघत बसलो. पेडलवर माझाच पाय हवा होता." त्यानं सगळं नवं घातलं. मी सवयीनं टप-टप करायला गेले, तर पहिल्याच टपला हिरवी अशी जागच्या जागी उभी राहिली की ह्यांचा चष्मा मांडीवर पडला. मग मोकळ्या मैदानात मी रोज सकाळी पायाला वळण लावत बसले. जुनी खोड मोडणं फार अवघड. पण मोडली.

फेरतपासणीला तोच तपासनीस होता. या वेळी कुणाचाही फोन नव्हता. त्यानं एक पुढचा दिवा फार वर झोत मारतोय म्हणून तिथल्या तिथं नीट करायला लावला, आणि मला बरं वाटलं, म्हणजे तो खरंच बघत होता. मग ब्रेक दाबला. काटा एका दमात वर गेला आणि हे टाळ्या वाजवायला लागले.

शनिवारी मी फाटकात उभी होते. मुलाची काळी गाडी आली आणि माझ्यासमोरून जरा पुढे जाऊन थांबली. मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले.

भुंगा उतरून थेट हिरवीकडे पळाली. मुलगा म्हणाला, "पास झाली ना? बरं झालं. पण आज मीच सोडतो तिला. माझी गाडी आहेच."

"तुझा ब्रेक दोनदा का लागला?"

"सवय आहे गं. आपल्या घरात सगळे..."

"सवय आहे, की ब्रेकच तसा आहे?"

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"तपासणीच्या वेळी तुझी गाडी ऑफिसखालून हललीसुद्धा नव्हती, नाही का?" मी विचारलं.

त्यानं वळून आपल्या चकचकीत गाडीकडे पाहिलं. मग मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मला त्याची दया आली, पण हात मी पुढे केलाच.

"किल्ली दे. गॅरेजवाला येऊन नेईल. तोवर पोरगी डब्यातून फिरेल."

त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. हे कधीच जाऊन पुढच्या सीटवर बसले होते. मुलगा जरा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "मलाही घरी सोडशील?"

"मागे बस," मी म्हणाले. "आणि दार उचलून लाव."