एकमताचं घर

आमच्या घरात मतदान नसे, एकमत असे. विद्यापीठाचं हे जुनं दगडी घर आम्ही राहणाऱ्या मुलीच चालवायचो. नवी पोरगी ठेवायची की नाही, फ्रिज कुठला आणायचा, सगळं एकमतानं. एकीनं जरी नाही म्हटलं तरी बैठक उठायची नाही. बाहेरच्यांना याचं भारी कौतुक. एकमत म्हणजे काय असतं, ते शेवटी राहिलेल्या एकीला विचारा.

विद्यापीठानं नूतनीकरण काढलं तेव्हा ती एक मी होते. काचेची अभ्यासिका, प्रत्येकीला वेगळं न्हाणीघर. काम होईपर्यंत घर रिकामं करायचं. बाकीच्या, बेलो ऑरिझाँचीसारख्या मोठ्या शहरातल्या खात्यापित्या घरातल्या, भाड्याच्या खोल्या बघू लागल्या होत्या. मी खाणकामाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि इथं भाडं पडत नाही म्हणूनच शिकत होते.

"मुंगे, कर की गं हात वर," जुसारा म्हणाली. ती घरातली सगळ्यात जुनी. मुंगी हे मला घरानं दिलेलं नाव. "घेवडा गार झाला. पोटात कावळे ओरडतायत सगळ्यांच्या."

"मी राहू कुठं?"

"कुणाकडंही राहा! आम्ही काय मेलोय? आणि परत आलीस की तुझी खोली तुलाच. घराचा शब्द."

मी हात वर केला. टाळ्या झाल्या, पानं वाढली.

कुणाकडंही म्हणजे कुणाकडंच नाही. थोडे दिवस जुसाराच्या सोफ्यावर काढले, मग तिच्या घरमालकिणीला चालेना. ठेकेदाराचं काम रेंगाळत राहिलं. मी गावी गेले ती गेलेच. आता किराणा दुकानात गल्ल्यावर बसते.

उद्घाटनाचं आमंत्रण मात्र आलं. घर देखणं झालंय, खोटं कशाला बोलू? पदवी मिळवलेल्या प्रत्येकीचा फोटो दिवाणखान्यात लावायची आमची जुनी रीत. ते सगळे फोटो नव्या भिंतीवर, नव्या दिव्यांखाली लागले होते. मधोमध जुसारा हसत होती. माझा जीव जळला.

नव्या पोरींना त्या भिंतीवरची सगळी नावं पाठ करावी लागतात. त्यातली एक कॉफी घेऊन आली. तिनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. बिचारीला घाम फुटला.

"ताई, तुमचा फोटो कुठला? मला सापडेचना. रागावू नका हं."

"नाहीये माझा. पण मी इथं राहायचे. वरची, खिडकीजवळची खोली. जरा बघून येऊ?"

तिचा जीव भांड्यात पडला.

"हात्तिच्या! म्हणजे तुम्ही पाहुण्या! पाहुण्यांना वर नाही सोडत हो. परवाच एकमतानं ठरलंय."