एकोणीस तारखेपर्यंत

मी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी गाडी बोलतेय. रंग कागदावर चंदेरी, प्रत्यक्षात राखेसारखा. चार दारं, त्यातलं मागचं डावं फक्त बाहेरून उघडतं. वय सतरा. माणसांत सतराव्या वर्षी म्हणे आयुष्य सुरू होतं. आमच्यात या वयाला शेजारीपाजारी मालकाला विचारायला लागतात, "मग, कधी काढताय हिला?"

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. दर दोन मिनिटांनी एक अशा आम्ही पट्ट्यावरून उतरत होतो, त्यात कोण कोणाला लक्षात ठेवणार? माझी खरी आठवण सुरू होते ती बाबांपासून. बाबा माझे पहिले मालक. छापखान्यात फोरमन होते. माझे गिअर असे बदलायचे, की जणू ओल्या शाईचा कागद उचलतायत. दर सुट्टीला एका बादलीत मला धुवायचे. दुसरी बादली म्हणजे उधळपट्टी. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्यावरच गाडी शिकली. पहिल्याच दिवशी तिने मला फाटकावर घातलं आणि उतरून आधी विचारलं, "बाबा, माझं चुकलं का?" बाबा म्हणाले, "नाही, फाटकाचं चुकलं." हसून हसून दोघं तिथेच बसली.

हा प्रश्न मात्र तिला जन्माचा चिकटला. माझं चुकलं का?

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी मुलीकडे आले. माझ्या कागदांवरचं नाव बदलायचा फॉर्म तिने लगेच आणला होता. त्यात एक चौकट होती, 'पूर्वीच्या मालकाची सद्यस्थिती'. तिथे कोणता शब्द लिहायचा हे तिला माहीत होतं, पेन हातात होतं, तरी फॉर्म माझ्या पुढच्या कप्प्यात गेला आणि तिथेच राहिला. मध्ये विम्याचं पत्र आलं, बाबांच्या नावाने. ते तिने दोन दिवस टेबलावर ठेवलं.

"वर्षातून एकदा का होईना, पोस्टमन अजून त्यांचं नाव घेतो," ती नवऱ्याला म्हणाली.

"पोस्टमन नाही, विमा कंपनी घेते," नवरा म्हणाला. पण फॉर्मचं त्यानेही पुन्हा काढलं नाही. असे नऊ महिने गेले. तिला सहावा महिना लागला, आता तरी कागदपत्रं जागेवर हवीत असं वाटून एके दिवशी तिने ती चौकट भरली आणि फॉर्म जमा केला. तारीख होती एकोणीस.

पुढे मुंगी जन्मली. खरं नाव वेगळं आहे, पण घरात सगळे तिला मुंगीच म्हणतात, कारण ती सरळ रेषेत रांगते आणि वाटेत जे सापडेल ते तोंडात घालते. मागच्या सीटवर तिची छोटी खुर्ची पट्ट्यांनी आवळून बसवली गेली. माझ्या मालकिणीला ती पाच वेळा हलवून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. सहाव्यांदा नवऱ्याला हलवायला लावायची.

आणि मग ती करसवलत जाहीर झाली.

नवी विजेवरची गाडी घेतली की त्या वर्षीच्या करातून मोठी सूट. अटी तीन. जुनी पेट्रोलची गाडी भंगारात द्यायची. ती किमान एक वर्ष स्वतःच्या नावावर हवी. आणि ती टो करून नाही, स्वतःच्या इंजिनावर चालत भंगारयार्डात आली पाहिजे. मुदत या महिन्याच्या अखेरीपर्यंत. सवलतीशिवाय नवी गाडी त्यांच्या आवाक्यात नव्हती. आणि गाडीशिवाय तिचं काम नव्हतं, कारण ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. शहराबाहेरच्या टाक्यांवर जाऊन नमुने आणायचे, तिथे बस जात नाही. रजा संपून पहिल्या तारखेला तिला रुजू व्हायचं होतं.

फॉर्म वेळेवर भरला असता तर नवी गाडी कधीच दारात आली असती. आता माझं वर्ष एकोणीसला पुरं होणार आणि मुदत तीसला संपणार. मध्ये अकरा दिवसांची फट. तिने फ्रिजवर कागद लावला आणि रोज एक दिवस खोडायला लागली. नणंद एकदा आली, कागद वाचला आणि म्हणाली, "वहिनी, मुंगीच्या वेळीसुद्धा तू इतके दिवस मोजले नव्हतेस गं."

ती हसली. मग म्हणाली, "मोजले होते, फक्त लावले नव्हते."

नवी गाडी ठरलीही होती. शोरूमच्या काचेतून मी तिला पाहिलं. पांढरी, आवाज नाही, भिंतीला वायर लावून स्वस्थ उभी. मला हेवा वाटला का? वाटला. पण ते सोडा. गोष्ट अशी झाली, की त्याच आठवड्यात माझ्या पोटातलं पाणी कमी व्हायला लागलं.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वास घेतला आणि हात पुसले. "ताई, इंजिनाचं गॅसकेट गेलंय, पाणी तिथून गळतंय. उघडायचं म्हटलं तर हिच्या किमतीपेक्षा बिल मोठं होईल."

"एकोणीसपर्यंत चालेल?"

"आज किती तारीख?"

"दोन."

"आणि एकोणीसला काय?"

"भंगारात द्यायचीय."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे मरायला जायचंय, म्हणून तोवर जगवायची."

"चालत गेली पाहिजे ना. इंजिन चालू करून दाखवावं लागतं."

"धन्य आहे," तो म्हणाला. नियमाला की तिला, ते कळलं नाही. "मग ऐका. रोज सकाळी पाच मिनिटं चालू करा. तापमानाचा काटा अर्ध्यावर आला की बंद. यार्ड किती लांब तुमच्यापासून?"

"चार किलोमीटर."

"चार जाईल. पाच नाही. पाचला मी जबाबदार नाही."

त्या दिवसापासून माझी बडदास्त सुरू झाली. इतक्या वर्षांत माझे इतके लाड कोणी केले नव्हते. रोज सकाळी मालकीण मुंगीला कडेवर घेऊन खाली येई, पाणी भरी, किल्ली फिरवी आणि काट्याकडे असं बघत बसे, की बघण्यानेच तो खाली राहणार आहे. मुंगी स्टिअरिंग चाटायची. मालकीण म्हणायची, "हां, चाट, सतरा वर्षांचे जंतू आहेत, एकदम अस्सल." बाकी सगळीकडे ती चालत जायची किंवा बसने. पिशव्या वाहून तिची बोटं लाल व्हायची आणि मी सावलीत उभी असायचे. ओशाळल्यासारखं व्हायचं.

सोळा तारखेला दुपारी ती अशी खाली आली, की मला आधी तिची पावलंच ओळखू येईनात. मुंगी तिच्या खांद्याला लागून थरथरत होती. सकाळपासून अंगात ताप होता, तो एकाएकी चढला होता. हातपाय गार, ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले. जवळचा दवाखाना दुपारी एक ते पाच बंद. रुग्णालय नऊ किलोमीटरवर. तिने एका हाताने फोन कानाला धरला होता, पलीकडे टॅक्सीवाला.

"बावीस मिनिटं?" ती म्हणाली. "अहो, लवकर नाही का येता येणार? आठ महिन्यांचं बाळ आहे, आकडी येतेय बहुतेक. बावीस? बरं."

फोन ठेवला. ती माझ्या दाराशी उभी राहिली. किती वेळ? सात सेकंद, आठ. त्या आठ सेकंदांत तिला सगळं ठाऊक होतं. फ्रिजवरचा कागद, चार किलोमीटर, पाचला मी जबाबदार नाही. मग तिने मुंगीला खुर्चीत घातलं, पट्टे आवळले, एकदाच हलवून पाहिले आणि किल्ली फिरवली.

मी निघाले. पाचव्या किलोमीटरला काटा अर्ध्याच्या वर गेला. सातव्याला लाल रेषेत. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, शेजारचा मोटारसायकलवाला हात करून काहीतरी सांगत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आरशात बघत होती आणि बोलत होती, "आहेस ना? मुंगी, आहेस ना गं? आवाज कर." मागून एक बारीक कण्हणं आलं, की ती पुन्हा वेग वाढवायची. रुग्णालयाच्या चढावर माझ्या आत लोखंडावर लोखंड घासलं, मोठा आवाज झाला आणि मी थांबले ती थांबलेच. ती दार उघडं टाकून पळाली.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. नवरा बसने आला, तोवर पहारेकऱ्यांनी मला ढकलून मागच्या पार्किंगमध्ये लावलं होतं. दोघं माझ्यातच येऊन बसली. मुंगी त्याच्या मांडीवर झोपलेली, गाल नेहमीसारखे.

"आकडी नव्हती," ती म्हणाली. "ताप चढताना थंडी वाजते, असं डॉक्टर म्हणाल्या. औषध देऊन घरी तासभर थांबला असतात तरी चाललं असतं, म्हणाल्या. अगदी गोड आवाजात म्हणाल्या."

"टॅक्सी?"

"बावीस मिनिटं."

"बरं," तो म्हणाला.

मग तो मुंगीचं पांघरूण सारखं करत राहिला.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू? मुंगी ठीक आहे ना."

"म्हणजे मनात आहे."

"मनात असणारच ना गं. मनात कसं नसेल?" तो मुंगीच्या केसांवरून हात फिरवत होता. "मी असतो तर टॅक्सीची वाट बघितली असती. आणि ती आकडी निघाली असती तर..." तिने मान खिडकीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक तिथेच पार्किंगमध्ये आला. किल्ली फिरवायच्या आधीच त्याने मान हलवली. इंजिन सीझ झालं होतं, आतून कायमचं जाम. दुसरं जुनं इंजिन टाकता येईल का, तिने विचारलं. टाकता येईल, पण कागदावरचा इंजिन नंबर जुळणार नाही आणि यार्डवाले आधी तोच बघतात. "तीन दिवस राहिले होते, ताई," तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की ते तिला रात्रंदिवस ऐकू येणार आहे.

काल एकोणीस झाली. आज वीस. तिने प्रयोगशाळेत फोन केला होता. टाक्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. तिला आत टेबलावर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम मिळेल, पगार कमी. नोकरी राहिली हे काही थोडं नाही, असं ती फोनवर दोनदा म्हणाली. ऐकणाऱ्याने काही विचारलंच नव्हतं.

आत्ता ती मुंगीची खुर्ची सोडवून न्यायला आलीय. पट्टे घट्ट आहेत, तिने स्वतःच आवळलेले. बोटांनी सुटत नाहीत, म्हणून ती मागे आडवी होऊन दातांनी ओढतेय. उद्या साधा भंगारवाला येऊन मला साखळीने ओढून नेणार आहे. त्याला वर्ष, नंबर, तारीख कशाशीच देणंघेणं नाही.

तिचा फोन वाजला. नणंद. "वहिनी, काय गं, घेतली का नवी? एकोणीस झाली ना काल?"

ती उठून बसली. "नाही गं. त्याचं काय झालं..." आणि थांबली. तिच्या तोंडात तो शब्द आलेला मला दिसतोय. 'माझं.'

बाई, थांब. ती टॅक्सी बावीस मिनिटांनी आली असती आणि मी एकोणीसला यार्डापर्यंत पोचले असते, असं तू धरून चाललीयस. मला तरी कुठे माहीत होतं? माझी मलाच खात्री नव्हती. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या आठ सेकंदांत तुला मुंगीचे ओठ दिसत होते आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं अजून दोन तास लांब होतं. तेव्हा नणंदेला सांग, गाडी जुनी होती, बंद पडली. नवऱ्याने कधी विषय काढला, तर त्यालाही हेच सांग. उद्या मुंगी मोठी होऊन विचारेल, तिलाही. खुशाल माझ्या माथी मार. तसंही मला दाबून त्याचा एक ठोकळा करणार आहेत, त्यात एवढं सहज मावेल.